भिंगाखाली धरलेली उत्तरे

एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात एक लांब खोली आहे. रुग्णांना ती ठाऊक नसते आणि त्यांना भेटायला येणाऱ्यांनाही ती कोणी दाखवत नाही. तथापि शस्त्रक्रियेसाठी जो जो चिमटा आणि जी जी कात्री वर जाते, ती याच खोलीतून जाते. खोलीच्या मधोमध एक भिंत आहे. भिंतीच्या पलीकडे वापरलेली उपकरणे धुतली जातात. अलीकडे ती तपासली जातात, पाकिटात बंद केली जातात आणि वाफेच्या यंत्रात ठेवली जातात. भिंतीत सरकत्या काचेची एक खिडकी आहे. धुतलेला माल त्या खिडकीतून अलीकडे येतो आणि नापसंत झालेला त्याच खिडकीतून मुकाट्याने परत जातो.

या खिडकीलगतच्या टेबलावर जी बाई बसते, तिची ही हकीकत आहे. टेबलाला एक दिवा जोडलेला आहे आणि दिव्याच्या मध्यभागी बशीएवढे भिंग बसवलेले आहे. त्यातून ती प्रत्येक वस्तू पाहते, म्हणून खोलीतील सर्व माणसे तिला भिंगवाली म्हणतात. तिचे खरे नाव पगारपत्रकात आहे. तिथे ते सुखाने राहो.

भिंगवाली पूर्वी भिंतीच्या पलीकडे होती. रबरी बूट, रबरी एप्रन, कोपरापर्यंत हातमोजे आणि समोर सतत वाहणारे गरम पाणी, असा तिचा दिवस असे. संध्याकाळी घरी जाताना तिची कंबर तिच्याशी भांडत भांडत जात असे. अक्षरओळखही तिला उशिराच झाली. लग्नानंतर, संसार मार्गी लागल्यावर, ती प्रौढांच्या वर्गात जाऊन वाचायला शिकली. तिथल्या बाई वाकडे अक्षर खोडून पुन्हा काढायला लावत असत, त्यामुळे पेन्सिलीइतकीच तिला खोडरबराचीही सवय झाली होती.

भिंगाच्या टेबलावरचा वृद्ध तपासनीस निवृत्त होणार होता. त्याच सुमारास नवा नियम आला की यापुढे त्या टेबलावर बसणाऱ्याने पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेच पाहिजे. ही परीक्षा सगळीकडे एकाच दिवशी होते आणि सर्वांना एकच प्रश्नपत्रिका असते. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरे छापलेली असतात. त्यांपैकी योग्य उत्तराचे वर्तुळ पेन्सिलीने काळे करायचे असते. शंभरपैकी सत्तर गुण मिळाले तर माणूस पात्र ठरतो.

खोलीच्या प्रमुखबाईंनी तिला बोलावून सांगितले, "त्या टेबलावर मला तुम्हीच हव्या आहात. पण मला हव्या असून भागत नाही, त्याला शिक्का लागतो. शिक्का तुम्ही आणा."

"आणि नाही आणता आला तर?"

"तर वरून कोणीतरी शिक्केवाला पाठवतील, आणि तुम्ही पलीकडेच."

भिंगवाली दर शनिवारी शिकवणीला जाऊ लागली. तिथे दर आठवड्याला सरावाची परीक्षा होत असे. पहिल्या परीक्षेत तिला चाळीसही मिळाले नाहीत आणि त्याचे कोणाला नवल वाटले नाही. परंतु ती चिकाटीची होती. जे काम हातांनी वर्षानुवर्षे केले त्याची पुस्तकातली नावे एकदा कळल्यावर तिचे गुण चढू लागले. पन्नास झाले, साठ झाले, आणि एका शनिवारी चौऱ्याऐंशी झाले. शिकवणीच्या बाईंनी तिचा कागद सर्वांना दाखवला. भिंगवालीने त्या दिवशी घरी जाताना विनाकारण लांबचा रस्ता धरला.

पुढच्याच आठवड्यात वृद्ध तपासनीस निवृत्त झाला आणि परीक्षा होईपर्यंत हंगामी म्हणून तिला भिंगाच्या टेबलावर बसवण्यात आले. नोकरीत पहिल्यांदाच तिला खुर्ची मिळाली. ती त्या खुर्चीवर अशी बसत असे की जणू खुर्चीलाच तिच्यावर विश्वास बसावा. वृद्ध तपासनिसाने जाताना तिला एकच शिकवण दिली होती: वस्तू हातात आली की ती खराबच आहे असे समजायचे आणि चांगली असल्याचे त्या वस्तूनेच सिद्ध करून दाखवायचे. भिंगवालीने ती शिकवण मनावर घेतली. चिमट्याच्या दातांत, कात्रीच्या सांध्यात, पकडीच्या खाचेत ती डाग शोधू लागली, आणि शोधणाऱ्याला ते सापडू लागले.

पलीकडे तिच्या जागी तिची मैत्रीण काम करीत होती. वयाने लहान, म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. एक दिवस खिडकीची काच सरकवून धाकटी म्हणाली, "ताई, हा चिमटा आता मला तोंडाने ओळखायला लागलाय. काल दोनदा आला, आज पुन्हा."

"सांध्यात काळं आहे."

"सांध्यात काळं तुझ्या माझ्याही आहे. आपल्याला कोण धुतंय?"

"घास म्हणते ना."

धाकटीने चिमटा घासला. सांध्यात खरोखरच काळे होते. भिंगवाली आपल्या कामात चोख होती, यात शंका नाही.

मात्र त्याच महिन्यात तिचे सरावाचे गुण घसरले. चौऱ्याऐंशीचे अडुसष्ट झाले. तिला वाटले, असेल एखादा दिवस वाईट. पुढच्या शनिवारी एकोणसाठ मिळाले आणि त्याच्या पुढच्या शनिवारी एक्कावन्न. अभ्यास तर वाढला होता. जे प्रश्न पूर्वी तिने झोपेत सोडवले असते, तेही चुकू लागले.

शिकवणीच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही घाई करताय. शेवटी वेळ राखून ठेवा आणि प्रत्येक उत्तर पुन्हा एकदा तपासा."

हा सल्ला वर्गातील इतर सर्वांना लागू पडत होता, कारण ती तरुण मुले खरोखरच घाई करीत असत. भिंगवालीने तो आज्ञाधारकपणे पाळला. तिने प्रत्येक उत्तर पुन्हा तपासले आणि तिचे गुण आणखी खाली आले.

तिच्या मनात आता एक भीती घर करून बसली. चौऱ्याऐंशी हेच चुकून पडलेले गुण असावेत, आणि खरी आपण ही अशी, गरम पाण्यातली, असे तिला वाटू लागले. टेबलावर बसताना ती खुर्ची पुढे ओढेनाशी झाली. जी वस्तू परत द्यायची आहे तिची सवय कशाला लावून घ्यायची, असा तिचा विचार होता.

घरी तिची सासू आणि नवरा होते. नवरा न्हावी होता. रस्त्याकडच्या खोलीत त्याचे दुकान होते, एक खुर्ची, एक मोठा आरसा आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक असलेले; मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड होते. सासूबाईंचे कान तीक्ष्ण होते आणि जीभ कानांहून तीक्ष्ण.

"सूनबाई, हा कप तू तिसऱ्यांदा धुतेयस," त्या एका सकाळी म्हणाल्या.

"आतल्या बाजूला डाग आहे, आई."

"तो डाग नाही, फूल आहे. मी या घरात आले त्याच्या आधीपासून आहे. आणखी दोनदा घासलंस तर तेही जाईल बिचारं."

भिंगवालीने कप उजेडात धरून पाहिला. ते फूलच होते. ती ओशाळून हसली, परंतु कप तिने चौथ्यांदा धुतलाच.

"आता मलाही एकदा उजेडात धरून बघ," सासूबाई पुटपुटल्या.

अशात एक सुट्टीची दुपार आली. सरावाचे पुस्तक मांडीवर घेऊन भिंगवाली मागच्या खोलीत नुसतीच बसली होती. पान उलटत नव्हते. दुकानातून नवऱ्याने हाक मारली, "अगं, टॉवेल वाळले असतील तर घड्या घालून दे ना. आणि ते पुस्तक घेऊन इकडेच ये. तिथे एकटी बसून त्याला घाबरवू नकोस."

ती टॉवेलांची टोपली आणि पुस्तक घेऊन बाकावर येऊन बसली. खुर्चीत टपालवाला बसला होता आणि त्याचे अर्धे केस कापून झाले होते. नवऱ्याने पुस्तक आरशाखालच्या फळीवर उघडे ठेवले आणि कात्री चालवता चालवता प्रश्न वाचू लागला. ती टॉवेलांच्या घड्या घालीत उत्तरे देऊ लागली. तिचे हात गुंतलेले होते. उत्तर तोंडातून निघाले की पुढचा प्रश्न येत होता.

"वाफेच्या यंत्रातून पाकीट ओलं निघालं तर काय करावं?" नवऱ्याने वाचले.

"बाई, हा मला येऊ द्या," टपालवाला म्हणाला. "उन्हात वाळवावं. टपाल भिजलं की मी तेच करतो."

"तुमचं पत्र उघडताना कोणाचं पोट उघडलेलं नसतं," भिंगवाली म्हणाली. "ओलं निघालं की ते बाद. सगळं पहिल्यापासून."

नवऱ्याने मागचे पान उलटून उत्तर पाहिले. बरोबर होते. त्याने आधीचीही उत्तरे पडताळून पाहिली. दोन वगळता सगळी बरोबर होती. त्याने कात्री खाली ठेवली.

"अगं, मग पन्नासही कसे मिळत नाहीत तुला?"

"लिहिताना चुकतं."

"तोंडाला येतं आणि हाताला येत नाही? बरं, आता लिही. इथेच, माझ्यासमोर."

तिने टोपली बाजूला सारली, पेन्सिल घेतली आणि पुढचे पान सोडवायला बसली. नवरा टपालवाल्याच्या डोक्याकडे वळला, पण त्याची नजर आरशात होती. आरशात बाक दिसत होता आणि बाकावर त्याची बायको. तिने प्रश्न वाचला आणि लगेच एक वर्तुळ काळे केले. मग तिने मान किंचित तिरकी केली, डावा डोळा बारीक केला आणि त्या वर्तुळाकडे पाहत राहिली. मग तिने खोडरबर उचलला. दुसरे वर्तुळ काळे केले. पुन्हा मान तिरकी झाली.

न्हावी तो चेहरा ओळखत होता. कधीमधी ती त्याची कात्री हातात घेऊन धार पाहत असे तेव्हा ती असाच चेहरा करीत असे, आणि अलीकडे तिने कपाकडे, ताटाकडे, त्याच्या सदऱ्याच्या कॉलरकडे असेच पाहायला सुरुवात केली होती.

"तू उत्तर शोधत नाहीयेस," तो आरशातूनच म्हणाला. "उत्तर तुला आधीच सापडलेलं असतं. तू त्यात खोट शोधतेयस. आणि खोट काय, शोधली की सापडतेच."

"अहो, मग तपासायला नको?"

"तपास ना. मी पण तपासतो, कात्री चालवायच्या आधी. चालवल्यावर तपासत बसलो, इथे थोडं जास्त राहिलं, तिथे थोडं कमी झालं, तर या साहेबांना घरी जाताना टोपी घालावी लागेल."

"माझे अजून अर्धेच झालेत," टपालवाल्याने नम्रपणे आठवण करून दिली. "परीक्षेचं चालू द्या. पण तेवढं पूर्ण झालं असतं तर बरं होतं."

भिंगवालीला राग आला, कारण बोलणे खरे होते. आजार कोणता ते कळले होते, परंतु औषध सापडले नव्हते. तिने ठरवले की येत्या शनिवारी काहीच तपासायचे नाही. तिने भराभर वर्तुळे काळी केली आणि अर्ध्या वेळात कागद देऊन टाकला. गुण पंचावन्न आले. सगळे भिंग काढून टाकल्यावर तिला प्रश्नही नीट दिसेनासे झाले होते. एका ठिकाणी तर तिने प्रश्न न वाचताच त्याचे उत्तर दिले होते आणि ते मोठ्या आत्मविश्वासाने दिले होते.

औषध तिला कामावरच सापडले.

त्या दिवशी वरच्या मजल्यावरून एका शस्त्रक्रियेसाठी लवकर माल पाठवण्याचा निरोप आला होता. भिंगवालीने एक पकड भिंगाखाली पाहिली, ती पाकिटात ठेवली आणि पाकिटाचे तोंड यंत्राच्या गरम पट्टीखाली दाबून बंद केले. ही पाकिटे एका बाजूने कागदाची आणि दुसऱ्या बाजूने पारदर्शक असतात. पाकीट ट्रेमध्ये ठेवता ठेवता तिला शंका आली. पकडीचा जबडा आपण उघडा ठेवला होता ना? जबडा मिटलेला राहिला तर वाफ आत पोहोचत नाही. पाकीट कापून उघडायला तिचा हात कात्रीकडे गेला.

तिथेच तो थांबला.

तिने पाकीट उलटे करून पारदर्शक बाजूने पाहिले. जबडा उघडा होता. तिने कात्री जागेवर ठेवली.

खिडकीची काच सरकली. "काय झालं, ताई? देतेयस परत?"

"नाही. बंद झालंय ते."

"मग बघत काय बसलीस?"

"बंद झालंय, तेच बघतेय," भिंगवाली म्हणाली.

धाकटीने तिच्याकडे क्षणभर पाहिले, आणि जास्त काम केल्याने माणसाचे असे होते असा चेहरा करून काच लावून घेतली.

भिंगवाली मात्र त्या पाकिटाकडे पाहत विचार करीत राहिली. या खोलीत भिंगाची एक जागा ठरलेली आहे, आणि ती जागा पाकीट बंद होण्याच्या आधी आहे. वस्तू उघडी असते तोवर तिच्यावर हवा तेवढा संशय घ्यावा. तो घ्यायलाच हवा. परंतु पाकीट बंद झाले की ते दोनच कारणांसाठी बाद होते: ते फाटले असेल किंवा भिजले असेल. मनात उगाच काही आले, हे कारण होत नाही. तसे होऊ लागले तर एकही पाकीट वर जाणार नाही आणि वरचा रुग्ण टेबलावर पडून राहील. हा नियम ती दिवसभर पाळत होती. फक्त शनिवारी तो तळघरातच विसरून जात होती.

त्या संध्याकाळी तिने सरावाचे पुस्तक वेगळ्या रीतीने उघडले. तिने भिंग प्रश्नावर धरले. प्रश्नातील प्रत्येक शब्द ती चिमट्याच्या दातासारखा पाहू लागली: काय विचारले आहे, 'आधी' विचारले आहे की 'नंतर', 'योग्य' की 'अयोग्य'. मग तिने चारही उत्तरे पाहिली, त्यांतले एक निवडले आणि वर्तुळ काळे केले. वर्तुळ काळे झाले की पाकीट बंद झाले. मान तिरकी होऊ लागली की ती नजर उचलून पुढच्या प्रश्नावर नेत असे. हे सोपे गेले असे म्हणता येणार नाही. पहिल्या काही दिवसांत तिची मान दुखू लागली.

शिकवणीच्या बाईंना तिने हे सगळे समजावून सांगितले. बाईंनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे मी पुन्हा तपासा म्हणाले, ते पुन्हा उघडा असं तुम्हाला ऐकू आलं?"

"ऐकू बरोबर आलं होतं, बाई. केलं मात्र उघडायचं."

"बरं. मग आता तुमच्या पद्धतीनं पाकिटं बंद करा. मी फक्त मोजते."

त्या आठवड्यात सहासष्ट गुण आले. पुढच्या आठवड्यात चौऱ्याहत्तर. परीक्षेच्या आधीच्या शनिवारी एकोणऐंशी आले. चौऱ्याऐंशी पुन्हा काही आले नाहीत आणि तिने त्यांची वाटही पाहिली नाही. सत्तरच्या वर पाय टेकले होते, एवढे तिला पुरेसे होते. टेबलावर बसताना तिने पुन्हा खुर्ची पुढे ओढून घेतली.

परीक्षेच्या सकाळी सासूबाईंनी तिला दारातच थांबवले.

"सगळं घेतलंस ना?"

"घेतलं, आई."

"मग पिशवी उघडून परत बघू नकोस. तुझ्या नवऱ्यानं सांगितलंय मला सगळं."

परीक्षेची खोली मोठी होती आणि बाक डगमगता होता. भिंगवालीने रुमालाची घडी करून बाकाच्या पायाखाली सरकवली आणि कामाला बसली. तळघरात जसा एकामागून एक चिमटा येतो तसे प्रश्न आले. तिने ते पाहिले, निवडले आणि बंद केले. खोडरबर तिने बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला होता, जिथे हात सहज पोहोचत नाही.

शेवटी थोडा वेळ उरला. तिने कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसत्या नजरेने पाहिला, जसा ती भरलेला ट्रे पाहते. कुठे फाटले आहे का, कुठे भिजले आहे का? एका ठिकाणी ती थांबली. प्रश्नात 'यांपैकी कोणते करू नये' असे विचारले होते आणि तिने जे करावे तेच काळे केले होते. हे पाकीट खरोखरच भिजले होते. तिने उठून खोडरबर घेतला, ते उत्तर खोडले आणि नवे भरले. मग आणखी एक प्रश्न होता, वाफेच्या दाबाचा. त्याचे उत्तर तिला टोचत राहिले. ते तिने पुन्हा वाचले. फाटलेले नव्हते, भिजलेले नव्हते. केवळ टोचत होते. तिने खोडरबर परत दूर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन घंटा होईपर्यंत स्वस्थ बसली.

निकाल आला त्या दिवशी प्रमुखबाई स्वतः तळघरात उतरल्या. एरवी त्या निरोप पाठवीत असत, त्यामुळे त्यांची पावले ऐकूनच धाकटीने काच पूर्ण सरकवली आणि खिडकीतून डोके आत घातले.

"सत्त्याहत्तर," प्रमुखबाई म्हणाल्या. "शिक्का आणलात. आता ही खुर्ची तुमची."

"आधी पण माझीच होती," भिंगवाली म्हणाली, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन घाईने पुढे म्हणाली, "म्हणजे, तुम्ही दिली होतीत."

प्रमुखबाई हसल्या आणि वर निघून गेल्या. धाकटी म्हणाली, "ताई, आज तरी एखादा चिमटा तसाच पास कर. एवढा मोठा दिवस आहे."

भिंगवालीने समोरचा चिमटा उचलला, दिव्याखाली धरला, मान तिरकी केली, आणि तो खिडकीतून परत दिला.

"हा पण?"

"दातांत बघ."

धाकटीने दातांत पाहिले आणि तो पाण्यात टाकला.

संध्याकाळी दुकान बंद करून नवरा आत आला. सासूबाईंनी तिघांचा चहा केला आणि फुलाचा कप सुनेसमोर ठेवला. भिंगवालीने तो हातात घेतला. कपाच्या काठाशी, फुलापासून जरा दूर, चहाचा एक पुसट तपकिरी डाग होता. ते फूल नव्हते. सासूबाई तिच्याकडे पाहत होत्या.

"बघ, बघ. भिंग आणू का?"

"नको, आई," ती म्हणाली, आणि चहा गरम होता तोवर प्यायली.